चार सिग्नल आणि एक खांब

सोमवार, ३ फेब्रुवारी

सह्या झाल्या. 'हिरवी वाट' आता कागदावरून रस्त्यावर येणार. सार्वजनिक-खाजगी भागीदारी. ब्रिस्बेनची कंपनी सेन्सर, कॅमेरे आणि डोकं देणार. आम्ही रस्ता, वीज आणि आभार. शिवाय चारही सिग्नलांवरचे जाहिरातीचे पडदे वीस वर्षं त्यांचे. जाहिरात फक्त लाल दिवा असतानाच दिसणार, म्हणजे गाडी चालवताना कुणाचं लक्ष विचलित व्हायला नको. किती बारीक विचार करतात ही माणसं.

कल्पना सोपी आहे. सिग्नलवर दोन रांगा, प्रत्येकीला वेगळा दिवा; बसमधल्या जितक्या सीटा भरलेल्या, तितका तिच्या रांगेला हिरवा दिवा लवकर. बस भराभर पोहोचू लागल्या की लोक आपोआप गाड्या घरी ठेवतील आणि आमच्या बेटाची राजधानी आपिया मोकळी होईल. सरकारच्या बाजूने प्रकल्पप्रमुख मी. ऑकलंडची पदवी अखेर कामी आली.

संकल्प: उद्यापासून ऑफिसला बसने. जो सांगतो त्याने आधी करावं. दुसरं, नातेवाइकांना कसलीही सवलत नाही. तिसरं, या वहीत रोज स्वतःची झडती. निष्ठुरपणे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बसने गेलो नाही. आळस होता का, हे स्वतःला दोनदा विचारलं. नव्हता. निरीक्षण करणाऱ्याने बाहेर उभं राहायचं असतं. सरकारी पिकअपने गेलो आणि वायतेलेच्या रस्त्यावर एका बसच्या मागे अडकून भरपूर निरीक्षण केलं. एक बाई दोरी ओढून आपल्या फाटकासमोर उतरली. बस हलली. शेजारच्या बाईने दोरी ओढली आणि ती तिच्या फाटकासमोर उतरली. दोन्ही फाटकांच्या मध्ये एक डुक्कर आडवं झोपलं होतं, तेवढंच अंतर. मग चालक स्वतःच उतरला आणि पानिकेके, म्हणजे तळलेले गोड गोळे, घेऊन आला. गरम होते बहुतेक, कारण फुंकर मारत खात होता. सगळी बस शांतपणे वाट बघत होती.

असल्यांना सुधारायचं आहे मला.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्च, मग सासऱ्यांकडे जेवण. 'सासऱ्यांकडे' म्हणजे आमच्याच घरी. आम्ही इथे राहतो, सोयीसाठी. घरजावई हा शब्द मला लागू होत नाही. मला पगार आहे.

जेवताना मताई मंडळी, म्हणजे घराण्यातले मानकरी, घराच्या एकेका खांबाला पाठ टेकून बसली. घराण्याची पदवी असलेल्याला खांब. ज्याला पदवी नाही तो वाढायला. त्यांची जेवणं झाल्यावर हात धुवायचं भांडं आणि टॉवेल घेऊन मीच रांगेने फिरलो. एक मच्छीमार, एक निवृत्त शिपाई, एक असा की ज्याने आयुष्यात काय केलं ते त्यालाही सांगता येत नाही. सगळ्यांनी माझ्या भांड्यात बोटं बुचकळली. अपमान वाटला का? प्रामाणिकपणे: थोडा. पण तो माझा नव्हे, शिक्षणाचा.

घराण्यात सध्या एक मताईपद रिकामं आहे. सासरेबुवा बोटं पुसत म्हणाले, जावईबापू, सगळ्या शहराला वाट करून देताय म्हणे. एकदा सरकारने आम्हाला रस्त्याच्या उजव्या बाजूवरून डाव्या बाजूला नेलं, तर गर्दीही मागोमाग डावीकडे आली. आता तुम्ही काय करताय बघू. एकदा मला मोकळ्या रस्त्याने शहरात नेऊन दाखवा, मग खांबाचं बोलू.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मेहुणा फालानिको. याची स्वतःची बस आहे, एवढीच त्याची लायकी.

खांबाचं बोलू. अक्षरशः हेच शब्द. पाच साक्षीदार आहेत.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बसगाड्यांच्या सीटांखाली सेन्सर बसवायला सुरुवात. पहिला मान फालानिकोच्या 'समुद्राची राणी'ला. यात नात्याचा संबंध नाही. बस आमच्याच अंगणात उभी असते.

फालानिकोने वाकून बघितलं आणि ओरडला, दाजी, हे काय लावताय बुडाखाली? अंडी उबवायची आहेत का? सगळं अंगण खिदळलं. मी शांतपणे समजावलं. चालकासमोर छोटा पडदा, त्यावर प्रत्येक सीटचा एक ठिपका. माणूस बसला की हिरवा, सामान ठेवलं की पिवळा, रिकामी असेल तर काळा. हिरवे ठिपके मोजून सिग्नल ठरवतो. तो म्हणाला, म्हणजे मी मागे वळून बघायचं ते हे यंत्र बघणार. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, मला मान वळवायचे पैसे पडत नव्हते, दाजी.

कंपनीचा डॅरेन फार सज्जन. त्याने चाचणीसाठी माझ्या पिकअपमध्येही एक डबी बसवून दिली. ती सिग्नलला सांगते, 'पूर्ण भरलेली बस येत आहे.' शुक्रवारी काढायची आहे.

सोमवार, ३ मार्च

हिरवी वाट सुरू!

पिकअप पहिल्या सिग्नलजवळ पोहोचली, हिरवा. दुसरा, हिरवा. तिसरा, चौथा, हिरवा. बायकोने, मोएलांगीने, दिलेला कोको ऑफिसात पोहोचलो तरी गरम. रस्त्यात डोळ्यांत पाणी आलं. मंत्रीमहोदयांना लगेच कळवलं: प्रत्यक्ष अनुभवावर आधारित, प्रवासाचा वेळ निम्म्यावर.

मोएलांगी इस्पितळात नर्स आहे, बसने जाते. संध्याकाळी चपला न काढताच म्हणाली, अहो, आज बस पहिल्या सिग्नललाच इतकी थांबली की लाफाईच्या आईने अख्खी टोपली विणून काढली. पोहोचले तर मोठी मेट्रन घड्याळाकडे बोट दाखवत उभी. तुमचा रस्ता आहे ना हा?

नवीन व्यवस्थेत सुरुवातीला असं वाटतं. वाटतं, असतं असं नाही.

डबी शुक्रवारी काढायची राहिली. चाचणी अर्धवट सोडणं बेजबाबदारपणाचं ठरेल.

गुरुवार, ६ मार्च

फालानिको माझ्या ताटासमोर येऊन बसला. म्हणाला, दाजी, तुमच्या यंत्राचं डोकं उलटं आहे. बस अर्धी असली की पोपटासारखा हिरवा. भरली की लाल. अगदी खचाखच भरली की लालच लाल, आणि वर पडद्यावर माशाच्या डब्याची जाहिरात. काल आम्ही तो डबा इतका बघितला की खाली उतरून चौघांनी विकत आणला.

मी म्हटलं, एका बसच्या अनुभवावरून निष्कर्ष काढता येत नाही. (माझा एका पिकअपचा अनुभव वेगळा आहे. तो नियंत्रित आहे.)

तरी शंका आली. शंकेला जागा देणं हे माझं बलस्थान. उद्या नोंदी तपासणार.

शुक्रवार, ७ मार्च

तपासल्या. भरलेल्या बसमधल्या सगळ्या सीटा पिवळ्या. सामान! जणू अख्खी बस तारोच्या कंदांची पोती घेऊन निघाली आहे.

डॅरेनला फोन. तो म्हणाला, यंत्र बरोबर आहे. एका सीटवर एका माणसाचं वजन अमुक असू शकतं. त्याच्या वर गेलं तर ते सामानच. ब्रिस्बेनमध्ये हजारो सीटांवर तपासलंय. मग त्याने विचारलं, तुमच्याकडे एका सीटवर काय बसतं?

मला सांगावं लागलं. आमच्याकडे बस भरली की कुणी उभं राहत नाही. नंतर चढलेला आधी बसलेल्याच्या मांडीवर बसतो. त्याच्यानंतर चढलेला त्याच्या मांडीवर. ओळख असायला हवी असं नाही. उतरेपर्यंत होते.



मग डॅरेन म्हणाला, यंत्र बदलता येईल, पण त्याचा वेगळा करार, वेगळी समिती, वेगळं वर्ष. लोकांचं बसणं बदलणं स्वस्त पडेल.

मला हे पटलं. मुळात हा प्रश्न यंत्राचा नाहीच, संस्कृतीचा आहे. एकविसाव्या शतकात माणसं माणसांवर रचून ठेवायची? फुगालेईच्या बाजारात अननससुद्धा नीट वेगवेगळे मांडतात.

मोहीम: 'एक माणूस, एक सीट'. घोषणा मलाच सुचली. अंघोळ करताना.

बुधवार, १९ मार्च

मोहिमेची सुरुवात बसस्टँडवर, फुगालेई. पहिल्यांदाच बसमध्ये चढलो. (संकल्प क्रमांक एक काही अंशी पूर्ण. बस उभी होती.)

मी मधोमध उभा राहून म्हटलं, बंधूभगिनींनो, कृपया एका सीटवर एकानेच बसा, बाकीच्यांनी पुढच्या बसची वाट बघा. सगळ्यांनी आदराने ऐकलं. आमचे लोक ऐकतात फार छान. मग मागून एका जाड म्हातारीने विचारलं, पुढची बस कुठली? ती तर तीच आहे, ही जाऊन परत येईल ती.

मी म्हटलं, मग उभं राहून प्रवास करा.

म्हातारी म्हणाली, अरे देवा. माझ्यासमोर लेकीसुना उभ्या राहणार आणि मी बसून बघणार? लोक म्हणतील हिला मांडी नाही का. आणि मला नखशिखांत बघून म्हणाली, तू कुणाचा रे? तुझी आई नाही का कधी बसमध्ये बसली? ये, तू पण ये, दमलेला दिसतोस. आणि खरोखर मांडीवर थाप मारून जागा दाखवली.

बस इतकी हसली की स्प्रिंगा वाजल्या. मी उतरलो. कुणीतरी खिडकीतून ओरडलं, साहेब, एक माणूस एक सीट, तर दोन माणसांचा साहेब कुठे बसणार? माझं वजन थोडं वाढलं आहे हे खरं. पण हा मुद्दा धोरणाशी संबंधित नाही.

निष्कर्ष: मोहिमेला प्रतिसाद उत्साहाचा.

शुक्रवार, २८ मार्च

आज एक सही केली. तिच्याविषयी स्वतःशी स्पष्ट असायला हवं.

करारात असं आहे की संध्याकाळच्या एका तासात गर्दी किती घटली त्यावरून कंपनीचं मूल्यमापन. तास कोणता, ते लिहिलेलं नाही. पहिला सिग्नल आमच्या गावाच्या वेशीवर. गेल्या आठवड्यात डॅरेन तिथून जात होता आणि नेमका संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला. तो वाजला की प्रार्थना संपेपर्यंत गावातून कुणी ये-जा करायची नाही. गावातली पोरं रस्त्याच्या कडेने उभी राहिली. त्यांच्यासमोरून कुणाची हिंमत आहे पुढे जायची? डॅरेनची गाडी थांबली. एकाने काचेवर टकटक करून त्याला सांगितलं, डोकं खाली. त्याने डोकं खाली घातलं आणि म्हणे त्याच क्षणी त्याला सुचलं.

आता अहवालात तोच तास आहे. आलेख जमिनीला टेकलाय. 'हिरव्या वाटेमुळे संध्याकाळची वाहनगर्दी जवळजवळ शून्य.'

मला टोचलं. प्रार्थना शंभरहून अधिक वर्षं चालू आहे, हिरवी वाट चार आठवडे. पण प्रार्थना आणि प्रकल्प एकाच दिशेने काम करत असतील तर कुणाचं श्रेय किती, हे वेगळं काढणं माणसाच्या हातात नाही. तसं केलं तर उलट उद्धटपणाच. नम्रपणे सही केली.

रविवार, १३ एप्रिल

अहवालाची बातमी पेपरात, माझ्या फोटोसह. सासरेबुवांनी चर्चनंतर चार लोकांत वाचून दाखवायला लावली. मग भांड्यात हात धुताना, आज पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून, म्हणाले, दोन मेला रीतसर उद्घाटन ना? मग त्या दिवशी अख्खं घराणं फालानिकोच्या बसने येईल. सगळे मताई, सगळ्या म्हाताऱ्या, लाकडी दंड, चटया, सगळं. तुमच्या मंत्र्याच्या आधी पोहोचलो, तर पुढच्या रविवारी भांडं दुसऱ्या कुणाच्या हातात.

फालानिको ताट चाटत म्हणाला, दाजी, अख्खं घराणं म्हणजे मांडीवर मांडी. सगळ्या सीटा पिवळ्या. पोहोचू पुढच्या ईस्टरला. ती तुमची डबी द्या की त्या दिवसापुरती.

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शनिवार, २६ एप्रिल

डबीचा विचार दिवसभर. डबी बसमध्ये लावली तर चारही सिग्नल हिरवे, मला खांब. पण संकल्प क्रमांक दोन: नातेवाइकांना सवलत नाही. मी डबी दिली तर ती सरळसरळ वशिलेबाजी. ती माझ्या पिकअपमध्ये राहिली तर ती चाचणी. फरक सूक्ष्म आहे, पण सगळी नीतिमत्ता अशा सूक्ष्म फरकांवरच उभी असते.

मोएलांगीला सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, अहो, बाबांना लाल दिव्यात उन्हात बसवणार आणि स्वतः हिरव्यातून जाणार, याला तुम्ही नीतिमत्ता म्हणता? मी म्हटलं, तू भावनेने बघतेस. ती म्हणाली, नाही हो, मी रोज खिडकीतून बघते. तुमची पिकअप पुढे जाते ती.

डबी देणार नाही. माणसाने कुठेतरी ठाम राहायला हवं.

उपाय: फालानिकोला लेखी सूचना, उद्घाटनाच्या दिवशी एक माणूस एक सीट, बाकीचे गाडीने. तो म्हणाला, कुठल्या?

शुक्रवार, २ मे

शांतपणे, क्रमाने लिहितो.

मंत्रीमहोदय माझ्याच पिकअपमधून आले. त्यांचीच इच्छा होती. चार हिरवे दिवे. ते म्हणाले, पेलेनाटो, हे तर विमानासारखं झालं. मंडपात टाळ्या. डॅरेनने मोठ्या पडद्यावर सिग्नलांचे कॅमेरे थेट लावले होते. माझं भाषण सुरू झालं. "आपियाची गर्दी आजपासून फक्त आठवणीत उरेल," असं मी म्हणत असताना मागे पडद्यावर पहिला सिग्नल आला.

लाल. त्याखाली 'समुद्राची राणी'. मांडीवर मांडी, खिडक्यांतून कोपर, आत भजनं. तिच्या मागे शहराच्या पश्चिमेला जेवढ्या म्हणून बस आहेत तेवढ्या.

मी बोलत राहिलो. पडद्यावर बसचं दार उघडलं. सासरेबुवा उतरले. अंगाला बारीक विणीची चटई गुंडाळलेली, हातात वक्त्याचा दंड. मागोमाग बाकीचे मताई, मग म्हाताऱ्या. सिग्नलला काय झालंय ते बघायला. सासरेबुवांनी दंडाने सिग्नलच्या खांबावर दोनदा ठोकलं. वर माशाचा डबा चमकत होता.

आणि दिवा हिरवा झाला.

साहजिकच होतं. सगळी मोठी माणसं उतरल्यावर बसमध्ये एका सीटला एकच माणूस उरला होता. 'एक माणूस, एक सीट' हे धोरण प्रत्यक्षात यशस्वी झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मागच्या साऱ्या बसनी हॉर्न वाजवले. फालानिकोला निघावंच लागलं. घराण्याचे सगळे मताई रस्त्याच्या मध्ये उभे, त्यांची बस पुढे चाललेली, आणि सासरेबुवा दंड उगारून तिच्या मागे धावताहेत. धावताना चटई सुटली.

मंडपातलं कुणी हसलं नाही. मताईला हसत नाहीत. मंत्रीमहोदय खोकले, बराच वेळ.

मग फालानिकोने पुढच्या वळणावर बस फिरवली, परत गेला, सगळ्यांना पुन्हा एकमेकांच्या मांडीवर घेतलं आणि चारही लाल दिवे मोडून मंडपात आला. वेळेत. मंत्र्यांनी फीत कापायच्या आधी.

तांत्रिकदृष्ट्या अट 'मंत्र्याच्या आधी' एवढीच होती. त्यांच्या येण्याच्या आधी की फीत कापण्याच्या, हे ठरलेलं नव्हतं. तेव्हा निकाल अजून माझ्या विरोधात गेलेला नाही.

रविवार, ४ मे

गावाच्या सभेने दंड ठोठावला. मला. माशांच्या डब्यांची खोकी, तीच जाहिरातीतली जात, मताईंना रस्त्यात सोडल्याबद्दल. मी म्हटलं, बस मी चालवत नव्हतो. सासरेबुवा म्हणाले, जावईबापू, दिवा तर तुम्हीच चालवत होता ना.

फालानिकोने चार सिग्नल मोडले त्याबद्दल सभेने त्याला काहीच दंड केला नाही. या देशाचं काही होणार नाही.

मंत्रालयाचं पत्रक: त्रुटी सरकारी बाजूच्या. कंपनीचं पत्रक: त्रुटी सरकारी बाजूच्या. भागीदारांत असं एकमत विरळाच.

शनिवार, १७ मे

आज पदवीप्रदान. मताईपद फालानिकोला. सासरेबुवा भाषणात म्हणाले, आम्हाला वाट दाखवणारे पुष्कळ भेटले, परत येऊन नेणारा एकच. लोकांचे डोळे ओले झाले. भावनिक निर्णय. असो.

जेवण झाल्यावर भांडं घेऊन फिरलो. फालानिको खांबाला टेकून बसला होता, अजून सवय नसल्यामुळे जरा वाकडा. बोटं बुचकळताना हळूच म्हणाला, दाजी, पाणी कोमट आहे, छान. टोमणा होता की कौतुक, यावर विचार करतोय. आता त्याला अहोजाहो करायचं.

सोमवार, १९ मे

पिकअप काढून घेतली. आता ती डॅरेनकडे, डबीसकट. चाचणी चालू राहायला हवी, असं ठरलं. मी प्रकल्पात 'प्रवासी प्रतिनिधी' आहे.

म्हणजे संकल्प क्रमांक एक आज, सुमारे साडेतीन महिन्यांनी, पूर्णपणे अमलात आला. थोडा उशीर झाला, पण मी संकल्प सोडत नाही.

'समुद्राची राणी' भरलेली. दारात उभा राहिलो तर गावाच्या रग्बी संघातला आसोमुआ, पाठ दाराएवढी, मांडी थोपटत म्हणाला, या दाजी, बसा. लाजता काय? मागून मोएलांगी म्हणाली, अहो, बसा आता, मला कामावर पोहोचायचंय.

बसलो. पाठ टेकली. छाती चांगली रुंद आहे, लाकडापेक्षा मऊ.

फालानिको, म्हणजे मताईसाहेब, समोरच्या पडद्याकडे बघून ओरडले, दाजी, तुमची सीट पिवळी झाली!

पहिला सिग्नल लाल. वर माशाचा डबा. शेजारच्या रांगेतून आमची पिकअप हिरव्यातून निघून गेली, आत डॅरेन, एकटा.

वाकून पडदा तपासला. यंत्रात बिघाड नाही. माझी नोंद अगदी नियमानुसार झाली आहे: सामान.